राखणीचा रॉटवायलर

बंगल्याच्या फाटकावर लावलेली ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी तुम्ही अनेकदा वाचली असेल. ती वाचून आपण दोन पावले मागे सरकतो. पण आतल्या कुत्र्याविषयी तिच्यातून काहीच कळत नाही. फाटकाआड काळाभोर, रुंद छातीचा, डोळ्यांच्या वर, गालांवर आणि पायांवर तांबूस खुणा असलेला धिप्पाड कुत्रा उभा असेल, तर तो बहुधा रॉटवायलर जातीचा असतो. एखादा मित्र असा कुत्रा पाळतो, मग आपणही घरी हट्ट धरतो. हट्ट धरण्यापूर्वी या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ या.

दक्षिण जर्मनीत नेकार नदीच्या काठी रॉटवाइल नावाचे गाव आहे. इ. स. ७३ च्या सुमारास रोमन सैन्याने तेथे ठाणे वसवले होते. पुढे मध्ययुगात तो गुरांचा मोठा बाजार झाला. तेथील खाटीक दूरदूरच्या खेड्यांतून गुरे खरेदी करून ती पायी हाकत आणीत आणि या कामी त्यांना दणकट कुत्रे लागत. हेच कुत्रे मांसाच्या लहान गाड्याही ओढीत. परतताना खाटीक आपली पैशांची थैली कुत्र्याच्या गळ्यात बांधीत असे सांगतात. पुढे गुरे आगगाडीने जाऊ लागली, कुत्र्यांचे काम गेले आणि ही जात जवळजवळ नाहीशी होण्याच्या बेतात आली. तिला वाचवले पोलिसांनी. १९१० साली जर्मनीत रॉटवायलरला पोलिसी कामाचा कुत्रा म्हणून मान्यता मिळाली आणि १९२१ मध्ये या जातीची जोपासना करणारा राष्ट्रीय संघ तेथे स्थापन झाला.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्यापेक्षा दहापट वजनाच्या बैलाला वळवायचे म्हणजे अंगात ताकद हवी, पण त्याहून अधिक हवा तो शांतपणा. उगाच चावणारा कुत्रा खाटकाला परवडत नसे, कारण जखमी जनावराची किंमत उतरते. म्हणून पिढ्यान् पिढ्या जे कुत्रे निवडले गेले ते थंड डोक्याचे होते.

आता त्याच्या ताकदीचा हिशेब करू. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापर्यंतची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर असते आणि वजन सुमारे ५० किलो, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीइतके. मादी थोडी लहान, सुमारे ४२ किलोची. समजा, हा नर समोरचे मांजर पाहून सेकंदाला ५ मीटर वेगाने धावला. कुत्र्याच्या मानाने हा काही फार वेग नव्हे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता. त्याचा संवेग झाला ५० × ५ = २५०. त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून तुम्ही बेसावध उभे आहात आणि तुमचे वजन ४० किलो आहे. पट्ट्याला हिसका बसताच तुम्ही दोघे मिळून ९० किलोची एकच वस्तू होता. जमिनीचे घर्षण क्षणभर बाजूला ठेवले, तर तुमचा दोघांचा वेग २५० भागिले ९०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २.८ मीटर, ताशी १० किलोमीटर होईल. एका क्षणात तुम्ही रस्त्यावर पालथे! कुत्र्याने तुमच्यावर राग धरलेला नाही, तो तुम्हाला चावलेलाही नाही, तरी ढोपरे फुटलीच. पट्टा मनगटाला कधीही गुंडाळू नये आणि शाळकरी मुलाने असा कुत्रा एकट्याने फिरवायला नेऊ नये, हे सांगायला वेगळा नियम कशाला? गणितच ते सांगते.

हे ५० किलो येतात कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. जन्मतः पिल्लाचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. माणसाचे मूल अठरा वर्षांत सुमारे वीसपट वाढते. हे पिल्लू दीड-दोन वर्षांत शंभरपट वाढते. एवढ्या घाईत हाडे लांबायची, तर त्यांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या चकत्यांवर मोठा ताण येतो. येथेच पुष्कळ मालक प्रेमापोटी घोटाळा करतात. ‘हाडे मजबूत व्हावीत’ म्हणून ते पिल्लाला कॅल्शियमच्या गोळ्या आणि औषधे भरपूर चारतात. वास्तविक पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम नाकारण्याची शक्ती पुरेशी आलेली नसते. खाल्ले त्यातले बरेचसे रक्तात शिरते आणि कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडते. हाडे मजबूत होण्याऐवजी वाकडी होतात, सांधे दुखू लागतात. पशुवैद्याने सांगितल्याशिवाय ही औषधे देऊ नयेत. पिल्लाला गुबगुबीत करणे, जिने चढवणे, उंचावरून उड्या मारायला लावणे हेही वाढीच्या काळात टाळावे. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष आढळतो आणि तो बराचसा आनुवंशिक असतो. म्हणून पिल्लू घेताना त्याच्या आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का, हे विचारावे. विकणाऱ्याला हा प्रश्न विचित्र वाटला, तर त्याच्याकडून पिल्लू न घेतलेले बरे.

शरीरापेक्षाही मनाची घडण महत्त्वाची. १९६१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेन राज्यातील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत त्यांनी कुत्र्यांच्या माद्या व त्यांची पिल्ले उंच कुंपणाच्या आवारात ठेवली. खाणेपिणे मिळे, पण माणूस दिसत नसे. मग काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात बाहेर काढून आठवडाभर माणसांत ठेवले व पुन्हा आवारात सोडले. काही पिल्लांना मात्र चौदा आठवडे माणसाचा सहवास मुळीच मिळाला नाही. काय आढळले? तीन आठवड्यांची पिल्ले माणसाकडे लगेच आली. पाच आठवड्यांची थोडी बिचकली, सात आणि नऊ आठवड्यांच्या पिल्लांना विश्वास ठेवायला अधिकाधिक वेळ लागला. आणि ज्यांनी चौदा आठवडे माणूस पाहिला नव्हता ती रानटी जनावरासारखी माणसापासून पळत. पुढे लळा लावण्याच्या प्रयत्नांचाही फारसा उपयोग झाला नाही. ती पिल्ले कॉकर स्पॅनियल आणि बीगल या गरीब स्वभावाच्या मानल्या जाणाऱ्या जातींची होती, हे विसरू नका!

म्हणजे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाच्या मनाची एक खिडकी उघडी असते. त्या काळात जे जे ओळखीचे होते त्याची भीती राहत नाही. आठ आठवड्यांचे पिल्लू घरी आणले, तर तुमच्या हाती जेमतेम दीड महिना उरतो. त्या दीड महिन्यात त्याला म्हातारी माणसे, रांगती मुले, छत्री उघडणारा पाहुणा, प्रेशर कुकरची शिटी, रिक्षाचा आवाज, पोस्टमन, शेळ्या असे सगळे दाखवायला हवे. लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून रस्त्यावर खाली न सोडता कडेवर घेऊन फिरवावे. आपल्याकडे अनेकजण नेमके उलटे करतात. ‘राखणीचा कुत्रा माणसाळला तर कामाचा राहणार नाही’ म्हणून पिल्लाला अंधाऱ्या खोलीत नाहीतर साखळीला डांबून ठेवतात. त्यातून शूर कुत्रा तयार होत नाही, भित्रा होतो. आणि ५० किलोचा भित्रा कुत्रा ही फार वाईट गोष्ट आहे, कारण भ्यालेल्या कुत्र्याला चोर आणि दूधवाला यांतला फरक कळत नाही.

मग ‘ही जातच चावरी’ असे म्हणतात त्यात तथ्य किती? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती मालकांकडून गोळा केली गेली आणि त्यांपैकी काहींची आनुवंशिक द्रव्येही तपासली गेली. एका कुत्र्याच्या वागण्यात आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी अवघा नऊ टक्के भाग जातीवरून सांगता आला. उरलेला भाग त्या त्या कुत्र्याची स्वतःची घडण, संगोपन आणि अनुभव यांतून येतो. पण येथे घाई करू नका. धोका म्हणजे केवळ चावण्याची शक्यता नव्हे. चावल्यावर होणारी इजाही त्यात मोजावी लागते. पामेरियन वर्षातून चार वेळा चावला तरी टिंक्चरवर भागते, रॉटवायलरची एक चूकही महाग पडते. म्हणून तो वाईट नसला तरी त्याच्या मालकाला निष्काळजीपणा परवडत नाही.

कुत्रा सहसा न सांगता चावत नाही. त्याचे सांगणे आपल्याला वाचता येत नाही, एवढेच. नको असलेल्या गोष्टीपासून तो प्रथम तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. डोके दुसरीकडे, पण डोळे तुमच्यावर आणि डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर दिसते. मग धापा टाकणे एकदम थांबते, तोंड मिटते, अंग लाकडासारखे ताठ होते. या क्षणी हात मागे घ्यावा. त्यानंतर गुरगुर, आणि तीही कोणी ऐकली नाही तर दात. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूतही पुरती खरी नाही. ताठ, उंच उभारलेली शेपूट आखूड झटक्यांनी हलत असेल, तर ते मैत्रीचे लक्षण नव्हे. पूर्वी रॉटवायलरची शेपूट लहानपणीच छाटून टाकीत. मग ही खूण वाचायला उरतच नसे. जर्मनीने १९९८ पासून अशा छाटणीला बंदी घातली आहे. आणि एक सांगतो. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, चिडणे सोडत नाही. धोक्याची घंटा काढून टाकल्याने आग विझते का?

त्याला शिकवण्याची रीत अगदी साधी आहे. बसला की घास, ताटलीपासून थांबला की घास. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो.

जर्मनीच्या थंडीत घडलेले हे जनावर नागपूरच्या मे महिन्यात कसे राहील? माणसासारखा घाम त्याला अंगभर येत नाही. तो जीभ बाहेर काढून जलद श्वास घेतो आणि जीभ, तोंड, नाक यांवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. त्यातून तो मोठा. एखाद्या ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. उष्णता घनफळात तयार होते आणि पृष्ठभागातून बाहेर पडते. म्हणून मोठ्या कुत्र्याला ती टाकायला लहानापेक्षा जड जाते. शिवाय रंग काळा. कुत्र्याचे शरीर मुळात ३८ ते ३९ अंश सेल्सिअस गरम असते. ते ४१ च्या वर गेले तर जिवावर बेतते. उन्हाळ्यात त्याला पहाटे आणि रात्रीच फिरवावे, गच्चीवर कधी बांधू नये. फरशी तापली आहे का हे पाहायचे तर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा.

रुंद, खोल छातीच्या कुत्र्यांत आणखी एक संकट येते. पोट वायूने फुगून जठराला पीळ पडतो. कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, तासाभरात पशुवैद्य गाठावा. दिवसाचे खाणे एकदम न देता दोन वेळा द्यावे.

रेबीजची लस तर सर्वच कुत्र्यांना हवी, तिसऱ्या महिन्यानंतर पहिली आणि पुढे पशुवैद्य सांगेल तशी दरवर्षी. कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची लावण्यात वेळ घालवू नये.

कायद्याचेही पाहावे लागते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालावी असे परिपत्रक काढले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढले गेले, अशा कारणांवरून पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. वाद तेवढ्यावर मिटलेला नाही. तेव्हा पिल्लू आणण्याआधी आपल्या गावच्या नगरपालिकेत परवान्याचे नियम विचारून यावे.

राहता राहिला खर्च आणि वेळ. अशा कुत्र्याला दिवसाला सुमारे दोन हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे घरात एक मोठे माणूस वाढल्यासारखेच. तो साधारण नऊ-दहा वर्षे जगतो. तुम्ही सातवीत असताना आणलेले पिल्लू तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडाल तेव्हा म्हातारे झालेले असेल. मधल्या काळात तुमची दहावी येईल, बारावी येईल, कदाचित शिक्षणासाठी परगावी जावे लागेल. त्या दिवसांत पहाटे पाच वाजता पट्टा कोणाच्या हातात असेल, हे आजच आईबाबांना विचारून पाहा.