नाथसागरावरील कुरव पक्ष्यांची ओळख

गोदावरीवरील जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि त्याचा नाथसागर जलाशय अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव व नेवासे तालुक्यांपर्यंत पसरला. १९८६ साली या परिसरास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सागरकिनाऱ्याचे म्हणून परिचित असलेले कुरव पक्षी हिवाळ्यात इतक्या आत येतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. जानेवारीतील पाणपक्षी गणनेत या सर्वांची 'कुरव' अशी एकच नोंद केल्यास एका जातीची घट दुसरीच्या वाढीत झाकली जाते. म्हणून जातवार ओळख आवश्यक ठरते.

प्रथम कुरव आणि सुरय यांतील भेद जाणावा. सुरय सडपातळ असून त्याची चोच अणकुचीदार व शेपटी बहुधा दुभंगलेली असते. कुरव अंगाने भरदार असतो, त्याची शेपटी सरळ कापल्यासारखी दिसते, आणि तो पाण्यावर स्वस्थ तरंगत बसतो.

काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा या दोन कुरवांत खरा घोटाळा होतो. नावे येथे साहाय्य करीत नाहीत, उलट दिशाभूल करतात. हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे होऊन कानामागे केवळ एक काळसर ठिपका उरतो; शिवाय विणीच्या काळातही पहिल्याचे डोके वस्तुतः गडद तपकिरीच असते! चोच आणि पाय दोघांचेही तांबडे. तेव्हा डोके सोडून डोळा व पंख पाहावेत. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, पंखांची टोके काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, आणि उडताना पंखाच्या बाह्य भागाची पुढील कड पांढरी शुभ्र दिसते. पिल्लावस्थेतील पक्ष्यांचा डोळा मात्र दोन्ही जातींत गडद असल्याने तेथे पंखच प्रमाण मानावा. पहिली जात लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंचावरील सरोवरांकाठी वीण करते. दुसरीचा विस्तार युरोपपर्यंत आहे.

पल्लासचा कुरव आकारानेच वेगळा पडतो. त्याची लांबी साठ सेंटिमीटरांहून अधिक, चोच जाड व पिवळी, टोकाजवळ काळा पट्टा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, परतीच्या प्रवासापूर्वी, डोक्यांना रंग चढू लागतो. जानेवारीत ज्यांची जात ठरली नाही, त्यांची नोंद 'अनिश्चित कुरव' अशी ठेवून त्या वेळी जलाशयावर पुन्हा फेरी मारावी.