लघु-गुरूंची कॅसेट : जुन्या घरगुती संगणकातून नव्या यंत्रात

छंदशास्त्राच्या तासाला आपण लघु आणि गुरू शिकलो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. हा पाठ संगणकाच्या कामाला येईल असं कुणाला वाटलं नसेल. पण येतो, आणि अगदी नेमका येतो.

1982 साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आला. पुढे भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचीच आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा आणि गाण्यांचा टेपरेकॉर्डर हीच त्याची साठवण. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर उतरवायचा, आणि पुन्हा हवा असेल तर ती कॅसेट वाजवायची. अयोध्या नगरातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर अशी कॅसेट जुन्या भावगीतांच्या डब्यात पडून असू शकते. वाजवली तर आधी एकसुरी शीळ आणि मग खरखर ऐकू येते. ‘खराब झाली’ म्हणून ती फेकू नका. ती खरखर म्हणजेच मजकूर आहे.

खरखर कशी वाचायची

संगणकाला शून्य आणि एक एवढंच कळतं. स्पेक्ट्रम शून्यासाठी दोन आखूड अर्धलहरी लिहितो, प्रत्येकी त्याच्या घड्याळाच्या 855 टिकटिकींची. एकासाठी दोन लांब अर्धलहरी, प्रत्येकी 1710 टिकटिकींची. म्हणजे बरोबर दुप्पट! शून्य हा लघु, एक हा गुरू.

उदाहरण घेऊ. रोमन ‘ए’ या अक्षराचा क्रमांक 65. तो शून्य-एकांत लिहिला की होतो 01000001. तीन-तीनचे गण पाडा: लघु-गुरु-लघु म्हणजे ज गण, तीन लघु म्हणजे न गण, उरले लघु आणि गुरू. झालं, ‘ज न ल ग’. मोठ्या लिपीतली सगळी रोमन अक्षरं ज गणानेच सुरू होतात, हे स्वतः करून बघा. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य रचना मोजण्याची रीत आहे, तिची इथे आठवण व्हावी.

सुरुवातीची शीळ म्हणजे तबलजीने धरलेला ठेका. तो ऐकून यंत्र आपला ताल जुळवतं. प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. वृत्तात एखादं अक्षर गळलं की गण बिघडतात आणि चूक कळते, तसंच हे. फक्त चूक कुठे झाली ते हा आकडा सांगत नाही. ‘टेप लोडिंग एरर’ एवढंच पडद्यावर येतं.

जुन्याकडून नव्याकडे

1. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे शाबूत असतील तर मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मजकूर पुसला जाणार नाही.
2. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. पावसाळ्याची ओल खाल्लेली फीत चिकटलेली असते. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, आधी जाणकाराला दाखवा.
3. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या माइकच्या भोकात लावा. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये सेकंदाला 44,100 नमुने ठेवून रेकॉर्ड करा. लघूची अर्धलहर जेमतेम 11 नमुन्यांत बसते, गुरूची 22 मध्ये.
4. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपातच ठेवा, एमपीथ्रीत नको. एमपीथ्री कानाला न जाणवणारं टाकून देते. इथे श्रोता कान नाही, यंत्र आहे. डॉल्बी बंद ठेवा.
5. ती फाइल रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘टॅप’ फाइलमध्ये बदला आणि ‘फ्यूज’ या अनुकारी प्रोग्रॅममध्ये उघडा. जुना संगणक तुमच्या लॅपटॉपवर जिवंत होतो.

नव्याकडून जुन्याकडे

आता उलट वाट. टॅप फाइलचा पुन्हा आवाज करायचा आणि मोबाइलमधून तो जुन्या संगणकाच्या ‘इअर’ या भोकात द्यायचा. आवाज बराच मोठा लागतो. फोन मात्र विमान मोडवर टाका. पूर्ण 48 किलोबाइट चढायला पाच-एक मिनिटं लागतात आणि मध्येच व्हॉट्सअ‍ॅपचं ‘टुंग’ वाजलं की सगळं मुसळ केरात.

मराठी कुठे हरवते

आपल्या मंडळाच्या दृष्टीने खरा मुद्दा हा आहे. या संगणकात देवनागरी नव्हती. मराठी अक्षर हवं तर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत ते स्वतः रेखाटायचं, आणि त्यासाठी जागा फक्त 21. ही अक्षरं प्रोग्रॅमबरोबर आपोआप साठत नाहीत. 168 बाइटांचा वेगळा भाग म्हणून कॅसेटवर लिहावी लागतात. म्हणून पहिला भाग उतरवून ‘काम झालं’ म्हणू नका. दुसरा भाग राहिला तर प्रोग्रॅम चालेल, पण ‘क’ आणि ‘म’च्या जागी रोमन अक्षरं उभी राहतील. फीत संपेपर्यंत आणि दोन्ही बाजू रेकॉर्ड करा. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटोही काढून ठेवा. हाताने लिहिलेलं नाव आणि तारीख आवाजात येत नाही.

लोखंडाच्या भुकटीची ही फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजते आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. पोथी निदान डोळ्यांनी वाचता येते. ही पोथी वाजवल्याशिवाय वाचताच येत नाही, म्हणून तिची नक्कल आधी करावी.

स्वाध्याय

1. रोमन ‘एम’चा क्रमांक 77, म्हणजे 01001101. त्याचे गण पाडा. (उत्तर: ज, य, ल, ग)
2. तपासणीचा आकडा बरोबर आला तरी मजकुरात दोन चुका लपू शकतात. कशा? वृत्ताचं उदाहरण घेऊन लिहा.
3. घरात किंवा शेजारी अशी कॅसेट आहे का, विचारून या. न वाजवता आणा.