वृद्धांतील सरक्त मलप्रवृत्ती आणि इस्केमिक कोलायटिस

साठी उलटलेला, रक्तदाब व मधुमेहाची औषधे घेणारा रुग्ण येतो. पोटाच्या डाव्या बाजूस एकाएकी कळ आली, तातडीने शौचास जावे लागले आणि दिवसभरातच मलासोबत रक्त दिसू लागले, असे तो सांगतो. अशा वेळी रक्तार्श अथवा रक्तातिसार ठरवून कुटजकल्प देण्याकडे वैद्याचा कल असतो. परंतु चरकांनी चिकित्सास्थानाच्या १९ व्या अध्यायात सांगितलेला रक्तातिसार पित्तातिसारात पित्तकर आहार चालूच ठेवल्याने होतो. येथे तसा पूर्वेतिहास नसतो. म्हणून मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा तर घटला नाही ना, ही शंका प्रथम घ्यावी.

१९६६ मध्ये मार्स्टन व सहकाऱ्यांनी या विकारास ‘इस्केमिक कोलायटिस’ हे नाव दिले. दोन रोहिणींच्या क्षेत्रांच्या सीमेवरील भाग, विशेषतः प्लीहेजवळचे वळण, यात प्रथम बाधित होतो. गुदास दुहेरी रक्तपुरवठा असल्याने ते बहुधा वाचते. संहितांतील एखाद्या व्याधीशी याचे तंतोतंत समीकरण मांडण्याचा अट्टहास आम्हांस अनाठायी वाटतो. मार्गावरोधाचा विचार मात्र उपयुक्त ठरतो.

उतारवय, स्त्रीलिंग, हृद्रोग, हृदयाची अनियमित गती, मधुमेह, डायलिसिस, जुनाट मलावष्टंभ आणि महारोहिणीवरील शस्त्रक्रिया हे प्रमुख धोक्याचे घटक होत. औषधांचा इतिहास अवश्य विचारावा. मूत्रल औषधे, अफूवर्गीय वेदनाशामके, स्यूडोएफेड्रिनयुक्त सर्दीच्या गोळ्या यांचा संबंध आढळला आहे. अलोसेट्रॉन हे औषध याच कारणाने २००० मध्ये अमेरिकेतील बाजारातून मागे घेतले गेले व २००२ मध्ये कडक निर्बंधांसह परत आले. एफेड्रायुक्त कल्प घेणाऱ्यांतही हा विकार नोंदला गेला आहे. आपल्याकडे श्वासरोगात सोमलता म्हणून एफेड्राचीच जाती वापरली जाते, हे विसरू नये. अशा रुग्णास तीव्र विरेचन देऊन जलक्षय ओढवणे तर सर्वथा टाळावे.

परिणामाच्या दृष्टीने एक गोष्ट वारंवार फसवते. रक्त अधिक पडले म्हणजे व्याधी गंभीर, असे येथे नाही. डाव्या बाजूच्या व्याधीत रक्तस्राव ठळक असतो, पण बहुसंख्य रुग्ण लंघन, शिरेतून द्रव व विश्रांतीने काही दिवसांत सुधारतात. उलट, केवळ उजव्या बाजूचे आतडे बाधित असता वेदना अधिक व रक्त अल्प असते. तेथेच शस्त्रक्रियेची गरज व मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते. कारण त्या भागास रक्त देणारी रोहिणीच लघ्वंत्रासही पोसते. सिस्टोलिक रक्तदाब ९० च्या खाली, नाडी १०० च्या वर, पांढऱ्या पेशी १५,००० पेक्षा अधिक, हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, रक्तस्रावाविना उदरशूल ही अशुभ लक्षणे होत. पोट कठीण लागल्यास क्षणाचाही विलंब न करता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. सीटी स्कॅन व सुमारे ४८ तासांच्या आत केलेली कोलोनोस्कोपी निदान पक्के करते. आतडे कोथयुक्त झाल्याची शंका असल्यास मात्र कोलोनोस्कोपी करू नये.

बरा होऊन परतलेला रुग्ण काही आठवड्यांनी मलावष्टंभ, पोटफुगी व बारीक मलाची तक्रार करू लागला, तर बद्धकोष्ठ समजून एरंडतैल देऊ नये. आतड्यात संकोच झाला आहे काय, हे आधी तपासून घ्यावे.