स्टॅटिन आणि पायांचे दुखणे : काही अनुभव

हुबळी-धारवाडच्या माझ्या वैद्यकीय व्यवसायात एक वाक्य वारंवार कानी पडते : "डॉक्टर, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून पाय दुखतात, म्हणून बंद केली." रुग्ण मराठी असो वा कन्नड, तक्रार हीच. या वाक्याचा पूर्वार्ध तपासून पाहण्याजोगा आहे, तर उत्तरार्ध काळजी करण्याजोगा.

यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमचे कार्य स्टॅटिन मंदावते. मग यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ साली असा पहिला पदार्थ शोधला. पुढे १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले.

मी स्वतः गेली बारा वर्षे ॲटोर्व्हास्टॅटिन घेत आहे. तिसऱ्या महिन्यात माझ्याही पोटऱ्या दुखू लागल्या. सीपीके व थायरॉइडच्या तपासण्या निर्दोष आल्या. चार आठवडे गोळी थांबवली, तरी दुखणे तसेच राहिले. त्याच सुमारास उणकल तलावाकाठी रोज भरभर चालणे सुरू केले होते, हे तेव्हा ध्यानात आले. चालण्याचा वेग कमी करताच दुखणे ओसरले. गोळी पुन्हा सुरू केली, ती आजतागायत चालू आहे.

या अनुभवाला शास्त्रीय आधारही आहे. लंडनमध्ये झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषधविरहित गोळी दिली गेली आणि काही महिने काहीच दिले गेले नाही. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषधविरहित गोळीनेही झाला. याचा अर्थ रुग्ण खोटे बोलतो असा मुळीच नव्हे. दुखणे खरेच असते, त्याचे कारण मात्र बहुधा वेगळे असते.

माझ्या एका रुग्णाने अँजिओप्लास्टीनंतर याच कारणाने परस्पर गोळी सोडली आणि आठ महिन्यांनी छातीतील वेदनांमुळे त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. गोळी चालू असती तर हे टळलेच असते, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. परंतु संरक्षणाची गरज असताना ते संरक्षण त्यांच्यापाशी नव्हते, एवढे निश्चित.

म्हणून पुढील क्रम मला उपयुक्त वाटतो :

१. तक्रार पूर्ण ऐकून घ्यावी. सीपीके, थायरॉइड व ड जीवनसत्त्व तपासावे.

२. सोबतची औषधे विचारावीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने काही स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते.

३. लघवी गडद तांबूस झाली, तीव्र अशक्तपणा आला किंवा सीपीके दसपटीहून वाढले, तर गोळी तत्काळ थांबवावी. असा स्नायुनाश विरळा, पण गंभीर असतो.

४. अन्यथा काही आठवडे विराम देऊन पुन्हा सुरुवात करावी. मात्रा कमी करावी वा दुसरे स्टॅटिन द्यावे. आशियाई रुग्णांत रोसुव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण अधिक आढळते. त्यामुळे ५ मिलिग्रॅमपासून आरंभ करणे श्रेयस्कर. तरीही न सोसल्यास एझेटिमाइबसारखे पर्याय उपलब्ध आहेत.

५. स्टॅटिनमुळे रक्तशर्करा किंचित वाढू शकते, हे रुग्णास आधीच सांगावे. धारवाडी पेढ्यावरील संयमही त्याच वेळी सुचवावा!

वाचकांना एकच विनंती. अहवालात कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले, तर ते गोळीमुळे उतरले आहे हे लक्षात घ्यावे; गोळी सोडल्यास ते पुन्हा चढते. त्रास होत असेल तर तो निःसंकोच सांगावा, पण गोळी बंद करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. आणि आम्हा डॉक्टरांनीही "हे सगळे मनाचे खेळ आहेत" असे म्हणून त्या रुग्णाची बोळवण करू नये. आपले दुखणे कोणी ऐकूनच घेत नाही असे वाटले, की रुग्ण न सांगता गोळी सोडतो.