छापील राजचित्र आणि आपली दृष्टी

पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपात तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेषा कोरून, त्यांत शाई भरून चित्रे छापली जात. एका पत्र्यापासून अनेक प्रती निघत. त्यामुळे दरबाराबाहेर न दिसणारा राजा दूरदेशी पोहोचे. १५२४ साली ड्यूररने सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक याचे असे चित्र कोरले आणि खाली त्याची लॅटिन प्रशस्तीही कोरली. राजाकडे कसे पाहावे, हे चित्रच शिकवीत असे.

पुढे याच तंत्राने छापलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र डच लेखक व्हॅलेंटाइन याच्या १७२४ ते १७२६ या काळातील ग्रंथात आले. महाराष्ट्रात मात्र दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक पुराव्यानिशी दाखवून दिली.

केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नये, ही तथागतांची शिकवण आम्हांस येथे आठवते. चित्र कोणाचे, कोणी व कोणासाठी घडविले, हे विचारावे. आणि ज्यांची मुखे कोणीच कोरली नाहीत, त्या कष्टकऱ्यांचा इतिहास आपणच शोधावा.