पेशीतील जंक्शने

मध्य रेल्वेच्या नकाशात ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यान दिवा हे स्थानक शोधा. तेथून चार दिशांना रूळ जातात : ठाणे, कल्याण, भिवंडीमार्गे वसई आणि तळोजामार्गे पनवेल. पनवेलच्या वाटेवरील निळजे स्थानकाला मात्र दोनच शेजारी आहेत. निळज्याला वाहतूक अडली तर एकच फाटा खोळंबतो; दिव्याला अडली तर चारही दिशांना झळ पोचते.

आपल्या पेशीतही असेच एक जाळे असते. स्थानकांच्या जागी प्रथिनांचे रेणू आणि रुळांच्या जागी त्यांचे परस्परसंबंध. एक प्रथिन दुसऱ्याला चिकटते, त्याला कामाला लावते किंवा थांबवते. बहुतेक प्रथिनांना मोजकेच सोबती असतात. थोड्यांना मात्र पुष्कळ. त्यांना आपण ‘जंक्शन प्रथिने’ म्हणू.

जंक्शन प्रथिन काढून टाकले तर? पाव फुगवणाऱ्या यीस्टमधील १,८७० प्रथिनांच्या जाळ्याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पाच किंवा त्याहून कमी जोडण्या असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्केच अशी निघाली, की ती नसली तर पेशी मरते. पंधराहून अधिक जोडण्या असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते.

मग जोडण्या मोजल्या की प्रथिनाचे महत्त्व कळले, असे म्हणावे का? नाही. उरलेल्या ३८ टक्क्यांचा विचार करा! सोबती किती, याबरोबरच ते केव्हा भेटतात हेही पाहावे लागते. काही जंक्शने सर्व सोबत्यांना एकाच वेळी, पंगतीत बसल्यासारखी धरून ठेवतात. काही मात्र एकेकाला वेगवेगळ्या वेळी भेटतात. हे दोन प्रकार २००४ साली सुचवले गेले. त्यांच्यातील सीमारेषा काटेकोर नाही, म्हणून त्यावर पुढे वादही झाला.

माणसातील पी-५३ हे प्रथिन पाहा. ते १९७९ साली सापडले. त्याची टोके लवचीक असल्यामुळे ते अनेक सोबत्यांशी जुळवून घेते. पेशीतील डीएनए बिघडला की ते पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरणाचा आदेशही देते. काम नसताना एमडीएम-२ नावाचे प्रथिन त्याला धरून नष्ट करवते.

१९९२ साली पी-५३ नसलेले उंदीर तयार करण्यात आले. ते जन्मले, वाढलेही; पण बहुतेकांना काही महिन्यांतच कर्करोगाच्या गाठी झाल्या. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ च्या जनुकात बिघाड आढळतो. म्हणजे जंक्शन मोडल्याने पेशी लगेच मरतेच असे नाही. कधी ती बेबंद वाढत सुटते, आणि ते अधिक घातक ठरते.

करून पाहा : वहीत वीस ठिपके काढा. दोन ठिपक्यांना आठ-आठ रेषा जोडा, बाकीच्यांना एक किंवा दोन. आता डोळे मिटून एक ठिपका खोडा. जाळे बहुधा टिकेल. मग जाणूनबुजून मोठा ठिपका खोडा. किती ठिपके एकटे पडले? मोजा, आणि त्याचे कारण वर्गात सांगा.