संघटनात्मक वर्तन : स्वरूप आणि महत्त्व

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘संघटनात्मक वर्तन’ असे दोन शब्द लिहिले, तेव्हा वर्गातील बहुतेकांना ते युनियनसंबंधी काहीतरी असावे असे वाटले. मलाही तसेच वाटले. आपल्याकडे ‘संघटना’ म्हटले की आधी मोर्चाच आठवतो, त्याला कोण काय करणार! परंतु या शास्त्रात संघटन म्हणजे काही उद्देशासाठी कामाची वाटणी करून, एकमेकांच्या आधाराने चालणारा कोणताही समूह. कारखाना, बँक, इस्पितळ, एस.टी.चा डेपो, इतकेच नव्हे तर आपले महाविद्यालयसुद्धा. अशा ठिकाणी माणूस एकटा कसा वागतो, गटात आल्यावर कसा वागतो, आणि त्या वागण्याचा कामावर व कामाचा त्या वागण्यावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे संघटनात्मक वर्तन.

या विषयाची बरीचशी सामग्री उसनी आहे. प्रेरणा, अध्ययन, संवेदन हे मानसशास्त्राकडून, गट, दर्जा, भूमिका हे समाजशास्त्राकडून, सत्ता आणि तडजोड राज्यशास्त्राकडून, रूढी-संकेत मानवशास्त्राकडून. काही विद्वान म्हणूनच त्याला स्वतंत्र शास्त्र मानायला तयार नसतात. मला मात्र त्यात कमीपणा वाटत नाही. रुग्ण बरा करायचा तर वैद्यालाही रसायन आणि जीवशास्त्र दोन्हींकडे हात पसरावा लागतोच.

या विषयाचा उगम समजून घ्यायचा तर आधी फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याचे नाव घ्यावे लागते. 1911 साली त्याने ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हातात घड्याळ घेऊन कामाची एकेक हालचाल मोजावी, सर्वांत उत्तम पद्धत ठरवावी आणि जास्त काम करणाऱ्याला जास्त मजुरी द्यावी, असे त्याचे म्हणणे. हिशेब सरळ होता. माणूस मात्र तेवढा सरळ निघाला नाही.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री बनवणारा प्रचंड कारखाना होता. तेथे 1924 पासून 1932 पर्यंत प्रयोग चालले. आरंभी प्रश्न साधा होता : उजेड वाढवला तर काम वाढते काय? उजेड वाढवला, काम वाढले. परंतु उजेड कमी केला तरी काम अपेक्षेप्रमाणे घटेना. पुढे एल्टन मेयो आणि त्यांचे हार्वर्डचे सहकारी या कामात आले. रिले जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलून पाहण्यात आल्या. या प्रयोगाचीच पुस्तकांतून फार वाहवा होते. मला स्वतःला त्यानंतरचा, 1931-32 मधला तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो.

या चौदा जणांना गटाच्या उत्पादनावर मजुरी होती. टेलरच्या हिशेबाने प्रत्येकाने जीव तोडून काम करायला हवे होते. प्रत्यक्षात दिवसाचे काम किती करायचे हे त्यांनी आपापसांत, एक अक्षरही न लिहिता, ठरवून टाकले होते. कोणी फार पुढे गेला तर त्याची टिंगल होई, प्रसंगी दंडावर ठोसा बसे. फार मागे राहिलेल्यालाही बोलणी बसत, आणि साहेबाकडे चुगली करणारा तर सर्वांत वाईट. काम वाढवले तर दर कापला जाईल किंवा कोणाची तरी नोकरी जाईल, ही त्यामागची भीती होती. कागदावरच्या संघटनेच्या पोटात ही जी दुसरी, अनौपचारिक संघटना असते, तिचा शोध ही या शास्त्राची खरी कमाई होय.

हे पान वाचताना मी मध्येच थांबलो. त्याचे कारण सांगतो.

आमचे घर इचलकरंजीचे. वडील बावीस वर्षे यंत्रमागावर आहेत. बारावीची परीक्षा झाल्यावर त्यांच्याच कारखान्यात मी सुट्टीपुरता कांड्या भरायला लागलो. आम्ही तिघे पोरे होतो. इतर दोघे मधूनमधून पाणी प्यायला उठत, उगाच यंत्र पुसत बसत. मला ते कामचुकारपणाचे वाटे. शिकलेला मुलगा कसे काम करतो ते दाखवावे म्हणून मी दोघांचे काम एकट्याने उरकू लागलो. दिवाणजी माझ्याकडे पाहून मान डोलवत. नवव्या दिवशी त्यांनी हिशेब केला आणि आमच्यातल्या एकाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. त्या रात्री वडील जेवताना एवढेच म्हणाले, “तुला कुणी सांगितलं न्हवतं व्हय रं?” कोणी सांगितले नव्हते. अशा गोष्टी सांगत नाहीत, त्या समजून घ्यायच्या असतात, हे मला हॉथॉर्नच्या चौदा जणांनी दोन वर्षांनी शिकवले.

आपल्या देशातही असा एक गाजलेला अभ्यास झाला आहे, आणि तो मागावरचाच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले. परंतु मनासारखे कापड निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी पाहिले की 224 मागांच्या त्या खात्यात कामाचे बारा तुकडे केलेले आहेत. विणणारा वेगळा, बॅटरी भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा. प्रत्येकाकडच्या मागांची संख्याही निराळी, त्यामुळे कोण कोणाच्या जोडीला आहे याचा पत्ताच नाही. ठरावीक मागांचा एक संच छोट्या गटाकडे द्यावा, ही कल्पना मांडली गेली मात्र, कामगारांनी ती तत्काळ उचलली आणि आपले गट आपणच पाडले. मध्यंतरी थोडी घसरण झाली, पण पुढे काम वाढले आणि सदोष कापड कमी झाले. यंत्रे तीच होती! नंतर 1970 साली एरिक मिलर तेथे पुन्हा गेले, तेव्हा एका खात्यात ही पद्धत टिकून होती. इतरत्र मात्र ती बरीच जुन्या वळणावर गेलेली होती. ती गिरणी आज बंद आहे.

तेव्हा या विषयाचे महत्त्व काय? पुस्तके म्हणतात, उत्पादन वाढते, गळती थांबते, नेतृत्व सुधारते. ते खरेच आहे, पण हे सारे खुर्चीवर बसून पाहिलेले महत्त्व झाले. हॉथॉर्नच्या त्या पाच मुलींपैकी दोघींना फार बोलतात म्हणून 1928 मध्ये बदलण्यात आले, ही गोष्ट सारांशात बहुधा गाळलेली असते. 1967 साली ॲलेक्स केरी यांनी या प्रयोगांवर कडक टीका केली, तीत पैशाचा आणि धाकाचा वाटा दुर्लक्षिला गेल्याचे दाखवून दिले. गोड बोलून काम काढून घेण्याची विद्या म्हणूनही हे शास्त्र वापरता येते, हे आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. परंतु ज्याला साहेब आळस म्हणतो त्यामागे पुष्कळदा विचार असतो, आणि तोही एकमेकांना सांभाळण्याचा, हे ज्या शास्त्राने नोंदवून ठेवले ते केवळ मालकांचे कसे म्हणावे?

ज्याचे काम गेले तो मुलगा आता दुसऱ्या कारखान्यात मागावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत चहाच्या गाड्यावर भेटला. त्या चौदा जणांची हकिकत मी त्याला सांगितली. दंडावरच्या ठोशाचा भाग आला तेव्हा तो हसला, आणि माझ्या दंडावर त्याने एक ठोसा दिला. जरा जोरातच.